हंगेरीतील पेन्शन खात्यांविषयी मित्रास पत्र

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२३ च्या संपात जुन्या पेन्शनसाठी तू रस्त्यावर उतरला होतास, म्हणून तुझा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो: एकदा स्वतंत्र खात्यांत गेलेली पेन्शन सरकारे परत का घेतात? आपल्याकडे ती मागणी कर्मचाऱ्यांची होती. हंगेरीत मात्र सरकारनेच पुढाकार घेतला, आणि तेथील हकीकत मला अस्वस्थ करते.

सरकारी पेन्शनची रीत अशी की आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना पैसे मिळतात. हंगेरीने १९९८ पासून त्या वर्गणीचा एक भाग खाजगी फंडांकडे वळवला. पण वृद्धांची पेन्शन थांबवणे शक्य नव्हते, त्यामुळे तिजोरीत पडलेला खड्डा कर्ज काढून भरावा लागला. त्या कर्जाच्या रोख्यांत याच फंडांनी मोठी रक्कम गुंतवली होती. म्हणजे सरकारने सोडून दिलेलीच वर्गणी त्याच्याकडे उसनवारीने परत येई, वर व्याज द्यावे लागे, आणि मधल्या मध्ये फंडांचे शुल्क सभासदांच्या खात्यातून कापले जाई. चांगल्या दिवसांत हे खपून गेले. २००८ च्या संकटात हंगेरीला नाणेनिधी, युरोपीय संघ आणि जागतिक बँक यांच्याकडून सुमारे २० अब्ज युरोंचे साहाय्य मंजूर करून घ्यावे लागले, तुटीवर ३ टक्क्यांची युरोपीय मर्यादा होतीच, आणि हाताशी असलेला सर्वांत मोठा पैसा या फंडांत होता.

२०१० च्या अखेरीस पंतप्रधान ओर्बान यांच्या सरकारने कायदा केला. खाजगी फंडात राहणाऱ्याला पुढील काळासाठी सरकारी पेन्शनचा हक्क मिळणार नाही, असे सांगितले गेले आणि जानेवारी २०११ अखेरपर्यंतची मुदत दिली गेली. सुमारे ३० लाख सभासदांपैकी जेमतेम १ लाख खाजगी फंडांत राहिले; बाकीच्यांची जमा रक्कम सरकारकडे गेली. याला निवड म्हणणे मला पटत नाही.

फंडांतले सरकारी रोखे रद्द झाले की कर्ज कागदावर कमी होते. त्या बदल्यात सभासदांना दिलेले भावी पेन्शनचे वचन मात्र सरकारी कर्जाच्या आकड्यात कोठेच धरले जात नाही. माझ्या मते सगळा मोह याच हिशेबात आहे. २०११ च्या अंदाजपत्रकात शिल्लक दिसली आणि २०१२ मध्ये पुन्हा तूट आली. ते वचन मात्र आजही फेडायचे बाकी आहे.

तू कोणती योजना निवडलीस, ते सविस्तर कळव.

तुझा,
विनायक