वाळू बदलू नकोस, आधी काटा बघ

विलेपार्ले, मुंबई
८ जून

प्रिय अव्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "स्विमिंग पूलचं पाणी दुधाळ झालंय, मेकॅनिक म्हणतो फिल्टरमधली सगळी वाळू बदलावी लागेल." तेव्हा मी घाईत होतो, हो-हो करून फोन ठेवला. रात्री झोप लागेना. हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मीही ऐकलं होतं आणि मान डोलावली होती. म्हणून हे पत्र. मेकॅनिकला चार दिवस थांबव.

तुला माहीत आहे, रिडेव्हलपमेंटनंतर बिल्डरने आमच्या चौदा बिऱ्हाडांच्या इमारतीला गच्चीवर हौसेने एक पूल दिला. दहा मीटर बाय पाच, चार फूट खोल, साधारण ६० हजार लिटर. दादरला शिवाजी पार्कच्या तलावात आपण दोघांनी जे नाकातोंडात पाणी घेतलं त्यापुढे हे म्हणजे घंगाळच. पण सेक्रेटरी मी, तेव्हा घंगाळ घासायचं कामही माझ्याकडे आलं.

पहिल्या वर्षी टँकरचं बिल बघून कमिटीत रामायण झालं. आम्ही गळती शोधली, टाइल्स ठोकून पाहिल्या, काही सापडेना. शेवटी एका सकाळी मी पंपाच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. पूल सांभाळणारा पोरगा आला, फिल्टरच्या व्हॉल्व्हचा दांडा बॅकवॉशवर, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून ती धुण्यावर, फिरवला आणि पाच मिनिटं पाणी गटारात सोडलं. विचारलं तर म्हणाला, "काका, रोज करतो. वाळू स्वच्छ राहते." मनाने चांगला होता रे. पण आमचा पंप तासाला १४ हजार लिटर ओढतो. पाच मिनिटांचे झाले जवळजवळ बाराशे लिटर. महिन्याला ३५ हजार, म्हणजे साडेतीन टँकर, रोजच्या स्वच्छतेपायी! आणि एवढं करून पाणी गढूळ ते गढूळच.

गंमत अशी आहे की धुतलेली कोरी वाळू फारसं गाळत नाही. चहाचं बघ. गाळणीत चोथा साचला की पुढचा चहा जास्त नितळ उतरतो, फक्त हळू उतरतो. वाळूचंही तसंच. अर्धा मिलिमीटरचे दाणे, त्यांच्या फटींतून २० ते ४० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण सहज निसटतात. थोडी घाण अडकली की तीच बाकीची घाण अडवते. रोज धुतलंस तर हा चोथा जमायच्या आत फेकून देतोस.

मग धुवायचं कधी? ते फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा, म्हणजे दाबमापकाचा, काटा सांगतो. नीट बॅकवॉश करून फिल्टर सुरू केल्यावर गेजचा काटा जिथे थांबेल तिथे काचेवर नेलपॉलिशचा ठिपका दे. वहिनींना विचारून घे, नाहीतर माझं नाव येईल. आमचा ठिपका १२ पीएसआयवर (हे दाबाचं माप) आहे. काटा ठिपक्याच्या वर आणखी ८ ते १० पीएसआय चढला की धुवायचं, तोवर हात लावायचा नाही. बॅकवॉश दोन-तीन मिनिटं, बाजूच्या छोट्या काचेतून पाणी नितळ दिसेपर्यंत. मग अर्धा-एक मिनिट रिन्स, म्हणजे पाणी वाळूतून सरळ दिशेनेच, पण पूलऐवजी गटारात सोडायचं. रिन्स टाळलंस तर सुटलेली घाण थेट पूलमध्ये येते. आणि दांडा फिरवण्याआधी पंप बंद, प्रत्येक वेळी. चालू पंपावर फिरवला की आतला चाकाच्या आऱ्यांसारखा रबरी गॅस्केट सरकतो आणि फिल्टर चालू असतानाही वेस्टच्या, म्हणजे गटाराकडे जाणाऱ्या, पाइपातून पाणी झिरपत राहतं. आमचा एक त्यातच गेला.

काटा ठिपक्याच्या खाली थरथरत असेल तर दोष वाळूचा नाहीच. पंपाच्या पुढची टोपली उघड. तुझ्या अंगणातल्या पारिजातकाचा सडा तिथे पोचला असणार. टोपली मोकळी असूनही झाकणातून बुडबुडे दिसत असतील तर पंप हवा ओढतोय. पूलची पातळी खाली गेली असेल किंवा झाकणाचा रबर सुकला असेल.

आता वाळू खरोखर कधी उघडायची ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या पूलच्या तळाशी, पाणी आत येतं तिथेच, रोज सकाळी मूठभर वाळू दिसू लागली. पोरांना वाटलं चप्पलची. मी चिमूटभर बोटांत चोळली. सगळे दाणे एका मापाचे, म्हणजे फिल्टरमधलीच. रविवारी मी आणि पूलवाल्या पोराने मिळून फिल्टरची टाकी उघडली. वरचा थर चिक्कीसारखा घट्ट, सळईने टोचला तर खापऱ्या निघाल्या. टँकरचं जड पाणी आणि वर ब्लीचिंग पावडर, त्यातला चुना बसला होता. पाणी त्या खापऱ्यांच्या फटी शोधून तसंच खाली उतरत होतं, गाळलं जातच नव्हतं. स्टीलच्या मगाने तीन गोण्या वाळू उपसली. कंबर अजून आठवण काढते. तळाशी छत्रीच्या काड्यांसारख्या आठ नळ्या, बारीक फटी असलेल्या, लॅटरल म्हणतात, त्यातली एक मुळाशीच तुटलेली. सुरुवातीला कुणीतरी कोरड्या टाकीत गोण्या वरून धाडकन ओतल्या असणार.

तेव्हा वेळ आलीच तर आधी टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी भर, मग वाळू हळूहळू सोड. मधल्या उभ्या नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांध, आणि शेवटी काढायला विसरू नकोस. वाळू ग्रेडेड सिलिकाच घे, ०.४५ ते ०.५५ मिलिमीटर. हार्डवेअरवाला "रेती ती रेतीच, साहेब" म्हणून बांधकामाची गळ्यात मारायला बघेल. नीट वापरली तर सिलिका पाच-सात वर्षं सहज जाते, आणि तुझी तर जेमतेम दोन वर्षांची.

म्हणून म्हणतो, वाळूआधी क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी ते) तपास. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम), पीएच ७.२ ते ७.६. ते बिघडलं असेल तर जगातली कुठलीही वाळू दुधाळपणा काढणार नाही. आणि पंप दिवसाला आठ तास चालव. विजेचं बिल वाचवायला तू दोनच तास चालवत असणार, मी ओळखतो तुला.

उद्या सकाळी गेजचा फोटो पाठव. पंप चालू असतानाचा.

तुझा,
बाळ्या

ता. क. झाकणाच्या रबराला व्हॅसलिन लावू नकोस, त्याने रबर फुगतो. सिलिकॉन ग्रीसची ट्यूब आणून ठेवली आहे, गणपतीत येताना घेऊन येतो.