येसराचा डबा आणि ओव्हिड

प्रिय चिऊ,

काल रात्री तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "आई, एग्झाइलवर, म्हणजे हद्दपारीवर, सेमिनार पेपर द्यायचाय, सर म्हणाले स्वतःच्या भाषेतलं काहीतरी घे, तर तुमच्याकडे आहे का गं असं काही?" तुमच्याकडे! परदेशी जाऊन चार वर्षांत आपल्याकडेचं तुमच्याकडे झालं बघ. बाबा खूप हसले, मी पण हसले, पण मग रात्री झोप काही लागेना, म्हणून सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करायला बसले तर ते एवढं लांबत गेलं की म्हटलं सरळ मेलच करूया.

तू पाठवलेली ओव्हिडची पीडीएफ वाचली, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली, मोबाईलवर डोळे दुखतात. रोममधला एवढा लाडका कवी, त्याला इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसनं उचलून काळ्या समुद्राच्या काठी टोमिसला नेऊन टाकला, आताच्या रुमानियातलं कॉन्स्टांत्सा. कारण काय तर म्हणे एक कविता आणि एक चूक, आणि ती चूक कोणती हे पठ्ठ्यानं शेवटपर्यंत नीट सांगितलंच नाही. मग बायकोला, मित्रांना, खुद्द सम्राटाला कवितेतून पत्रं, सोडा हो, निदान जरा जवळ तरी न्या. ऑगस्टस गेला, टायबेरियस आला, कुणी नेलं नाही, तिथेच मेला. आणि २०१७ साली रोमच्या नगरपालिकेनं त्याची शिक्षा रद्द केली! म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं फाइल पेंडिंग. आपण उगीच आपल्या सरकारी कामाला नावं ठेवतो.

पण मी अडकले ती एका ओळीवर. इथे रानटी मीच, कारण माझं बोलणं कुणालाच समजत नाही, असं काहीसं तो म्हणतो. ते वाचलं आणि मला एकदम सदाशिव पेठेतला वाडा आठवला.

१९९१ ची गोष्ट, लग्न होऊन आठवडा झाला असेल. तुझी आजी ओट्यापाशी होती, मी मागून जाऊन विचारलं, "काय करायलाव?" आम्हा परभणीच्या लोकांचं ते साधं रोजचं बोलणं गं. आजी वळून बघायला लागल्या आणि तुझ्या आत्या दोघी खो खो हसत सुटल्या. दुष्टपणा नव्हता त्यात, हे आज कळतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य आधी मनात पुणेरी करून घ्यायचे आणि मगच तोंड उघडायचे, आणि तोपर्यंत तो विषयच संपलेला असायचा. तीन महिने मी जवळपास गप्पच होते. शेजारच्या काकू आजींना म्हणाल्या, सून किती शांत आहे हो तुमची.

आणि येसर, आमटीचं ते मसालेदार पीठ. हे तुला कधी सांगितलं नसेल. परभणीच्या आजीनं पाठवणीच्या वेळी पितळी डबा भरून येसर दिलं होतं, ज्वारी, गहू, हरभरा डाळ, धने, मिरच्या, सगळं घरी भाजून दळलेलं. पुण्याची आमटी म्हणजे गूळ, मला घास उतरेना. पण नवीन सुनेनं स्वतःची वेगळी आमटी कशी करायची, म्हणून डबा तसाच फडताळात, अधूनमधून झाकण उघडून वास तेवढा घ्यायचे. एकदा मी बाबांबरोबर बाहेर गेले आणि आजींनी तो डबा भाजणी समजून सगळ्यांना थालीपीठं लावली. परत आले तर आजोबांना ठसका लागलेला, पाणी पाणी चाललेलं, आणि परातीत माझं येसर कांदा घालून मळून ठेवलेलं. आजी म्हणाल्या, "अगं तुमच्याकडची भाजणी फारच तिखट असते बाई." तुमच्याकडची! मी मोरीत जाऊन रडले. आता हसू येतं, पण पूर्ण नाही येत.

हां तर तुझा पेपर. तू कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष घेशील मला माहितीये, सगळे घेतात, घे पण. कुबेरानं वर्षभरासाठी हाकललेला, रामगिरीवर, म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. पण एक बघ, यक्षाला तारीख माहीत आहे. कार्तिकी एकादशीला शाप संपणार, चार महिने राहिले, दम धर असं तो बायकोला कळवतो. ओव्हिडला तारीखच नाही. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे, आणि पुस्तकात यावर कुणी फार बोलत नाही (किंवा मी वाचलं नसेल).

आणि तारीख नसलेल्या अशा बायका आपल्याकडे (आपल्याकडे!) गावोगाव होत्या. माझी पणजी नऊ वर्षांची असताना लग्न होऊन आली, माहेर पंधरा मैलांवर, पण भाऊ मुऱ्हाळी म्हणून येईल तेव्हाच जायचं, नाही आला तर पंचमी कोरडी. यक्षाला निरोप न्यायला ढग मिळाला, हिला कासार. गावावरून कासार आला की आधी माहेरचं विचारायचं आणि मग हात पुढे करायचा. आणि जे विचारता येत नाही ते पहाटे जात्यावर. ओवीत भावाला हाक असते, आईला हाक असते, सासूला टोमणा असतो, आणि जातं घरघरत असल्यामुळे कुणाला नीट ऐकू जात नाही ही सोय. हे लिहून ठेवायला ओव्हिडसारखं कुणी नव्हतं, पण पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्याखेड्यातून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, पारी म्हणून ग्रामीण भारतावरची साइट आहे, तिथे बायकांचे आवाज पण ऐकायला मिळतात. तुझ्या सरांना ऐकव. बहिणाबाईंची ती लेकीच्या माहेराची, योग्याला सांगितलेली ओळ तुला पाठ आहे, ती इथे परत लिहीत नाही, लिहिली की मला पुढचं दिसत नाही.

तरी एक सांगते. माझा येसराचा डबा आणि पणजीची पंचमी एका बाजूला ठेव आणि मुक्ता साळवे वाच. फुल्यांच्या शाळेतली, इथलीच, पुण्यातली मांग समाजातली शाळकरी मुलगी, तिचा निबंध १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. ती लिहिते की आम्हाला आमच्याच जमिनींवरून हाकललं आणि तिथे मोठ्या इमारती बांधल्या, आणि देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. कुठेही न जाता हद्दपार. मी ज्या पेठेत मुळूमुळू रडत होते त्याच शहरात हे आधी घडून गेलंय, आणि मला ते पन्नाशीत वाचायला मिळालं, लाज वाटली. म्हणून म्हणते, स्वतःला हद्दपार वगैरे म्हणू नकोस, तुझ्याकडे रिटर्न तिकीट आहे. परकं वाटतं म्हण, ते खरंय, ते मला कळतं.

तू मागच्या डिसेंबरात आलीस तेव्हा रिक्षावाल्याशी हिंदीत बोललीस आणि तो मराठीत उत्तर देत राहिला, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. माझंही तेच होतं. परभणीला गेले की भावजय म्हणते "आल्या बघा पुण्याच्या बाई", आणि मी बोलते ते खरंच पुणेरीच निघतं आता तोंडातून, करायलाव म्हणायचं तर ठरवून म्हणावं लागतं. नेमाड्यांची कोसला कादंबरी मी इथे आल्यावर पहिल्याच वर्षी लायब्ररीतून आणून वाचली, खानदेशातला पांडुरंग पुण्यात शिकायला येतो आणि शेवटी गावी परततो, पण गाव पण आता पूर्वीसारखं त्याचं राहत नाही. तेव्हा वाटलं काय रडका मुलगा आहे. परत वाचायला हवी, बाबांनी कुणाला तरी दिलीय आणि आठवत नाही म्हणतात.

पेपर किती पानांचा आहे ते कळव. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा मुलगा पंधरा तारखेला तिकडे येतोय, त्याच्याकडे अर्धा किलो येसर देतेय, परभणीहूनच मागवलं. पाण्यात कालवून उकळायचं, वरून फोडणी, गूळ अजिबात नाही. पिशवीवर मार्करनं मोठ्ठं लिहिलंय, भाजणी नाही. तुझ्या रूममेटला तेवढं जर्मनमध्ये सांगून ठेव.

तुझी,
आई