३९ ते ४३ फुटांमधली सोय

मा. संपादक,

२०१९ आणि २०२१ चा महापूर, मधे २०२० ची टाळेबंदी. तीन वर्षांत कोल्हापूरच्या छोट्या दुकानदारांची कंबर मोडली. त्यांच्यासाठी ऑनलाइन व्यासपीठ करायचेच, तर चपला, गूळ आणि साज विकणारे आणखी एक दुकान नको. तशी ढीगभर आहेत. हवे ते पुरात कामी येणारे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. मधल्या चार फुटांतच खरी धावपळ असते. तेव्हा मोबाइलवर कळावे, की कोरडे गोदाम कुठे मोकळे आहे, टेम्पो कुणाचा मिळेल, महामार्ग चालू आहे का. पाणी चढण्याआधीच मालाचे फोटो, बिले, विम्याचे कागद त्याच व्यासपीठावर ठेवता यावेत. बिलबुकच भिजले तर पंचनाम्याच्या वेळी दाखवायचे काय? आणि हो, सगळे मराठीत, बोलून नोंद करता येईल असे. पायताणाची वेणी घालणाऱ्या मावशींना पासवर्ड नि ओटीपीच्या फेऱ्यात कशाला अडकवायचे! चाचणी लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या दुकानदारांना बरोबर घेऊन उन्हाळ्यातच व्हावी. जुलैत नारळ फोडून काय उपयोग?

– एक व्यापारी, शाहूपुरी, कोल्हापूर