सोनूची नोकरी आणि बाबांची पेन्शन

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू मागीर" म्हणतात आणि आईला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं, म्हणून लिहितेच. सोनूने पर्वरीच्या त्या छापखान्यातली नोकरी घेतलीय, सोमवारपासून जाणार आणि कामाचे दिवस आमच्याकडे राहणार. तुम्हाला न विचारता ठरवलं हे खरं, पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि तो गणेशचवथीला बसला होता तसा गप्प बसला असता. ते मला परत बघायचं नव्हतं.

बाबा, तुमची भीती मला कळते. वसंतकाकांनी तुमच्या डोक्यात घातलंय की अपंग मुलगा कमवायला लागला की त्याची फॅमिली पेन्शन गेली. काका अगदीच खोटं नाही बोलत हां, आधी मर्यादा कडकच होती, महिन्याला ९,००० आणि वर महागाई भत्ता, बस. पण फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने ते बदललं. आता त्याची स्वतःची कमाई तुमच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता याच्या आत राहिली की झालं, तुमच्यामागे आधी आईला आणि आईनंतर त्याला, जन्मभर. तुमचं शेवटचं बेसिक ५०,००० होतं, म्हणजे भत्ता सोडूनच १५,००० झाले, आणि सोनूला मिळणार ८,०००. पोस्टात जन्मभर हिशेब केलेत, हा पण करून बघा. पुढे कधी पगार त्या मर्यादेच्या वर गेला तर पेन्शनला अडेल, पण मग हातात तेवढा पगार असेल ना! आणि २५ वर्षांची अट त्याला लागू नाही, ती आमच्यासारख्या धडधाकटांना. लग्न केलं तरी त्याची पेन्शन जात नाही, आई, हे खास तुझ्यासाठी.

त्याच्या राहण्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका. आमचा फ्लॅट ग्राउंड फ्लोरला, बाथरूममध्ये संदीपने दोन्ही बाजूंनी दांडे बसवून घेतलेत, जाड मुठीचा चमचा आणलाय, सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि आईचं तोराचं लोणचं असतंच. मासळी काटे काढून मी स्वतः देते, जरी तो ओरडतो की मी काय बाळ आहे काय. छापखान्यात त्याचं काम कॉम्प्युटरवर बसून लग्नपत्रिकांचं, हात हळू चालतो पण नजर काय आहे त्याची! परवा शेजारच्यांच्या पत्रिकेत मुहूर्ताचा वार चुकलेला याने पकडला.

मला सारखा तो पोस्टाच्या काउंटरवर बसलेला आठवतो. बाबा त्याची मूठ धरून तारखेचा शिक्का मारायला लावायचे, शाई त्याच्या नाकाला, तुमच्या शर्टाला, आणि तुम्ही हसायचात. मी एकदा शाईला बोट लावलं तर केवढे ओरडलात. जाऊ दे, तो लाडका आहेच, माझाही आहे.

आता कामाचं ऐका. स्टीलच्या कपाटात वरच्या खणात बाबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश आहे, तो काढून ठेवा. सोनूचं नाव तुम्ही असतानाच त्यात घालून घेता येतं, मग नंतर कुणाच्या पाया पडायला नको. अर्ज मी टाईप करून आणते, बाबांनी फक्त सही करायची आणि "बघू मागीर" म्हणायचं नाही. त्याचं अपंगत्व कायमचं आहे, त्यामुळे डॉक्टरांचा दाखला एकदाच लागेल, दर पाच वर्षांनी नाही. आई, तू पालक नेमायचं म्हणत होतीस ना, त्याची गरज नाही ग, त्याचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा शाबूत आहे, सही तो स्वतः करतो. त्याला सरकारी मदत देणाऱ्या दयानंद योजनेवाल्यांना नोकरीचं मी सांगून येणार, ते पैसे बंद झाले तर झाले, मागाहून वसुलीची नोटीस नको.

आणि बाबा, बीपीची गोळी जेवल्यावर आठवली तर घेईन असं चालणार नाही. आई, गुडघा दुखत असताना माळ्यावर चढायचं नाही, काय हवं ते शनिवारी संदीप काढून देईल. आम्ही तिघं दुपारी जेवायलाच येतो. खतखतं केलंस तर सोनूच्या वाटणीचं आधी बाजूला काढ, संदीप मागे काही ठेवत नाही.

तुमची,
मनू