महसूलमंत्र्यांना खुले पत्र: कागद सरकारचे, खेटे खरेदीदाराचे

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: जुन्या फ्लॅटच्या खरेदीत गृहकर्जाच्या कायदेशीर तपासणीपायी होणारा विलंब.

सविनय नमस्कार.

मी डोंबिवलीतल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे बिनपगारी. फोन मात्र रात्री अकरापर्यंत वाजतो. इमारतीतला एखादा फ्लॅट विकायला निघाला की विकणारा, घेणारा, एजंट आणि घेणाऱ्याच्या बँकेचा वकील अशा सगळ्यांची कागदपत्रं माझ्यासमोर येतात. कर्ज मंजूर झाल्याच्या पेढ्यांपासून विकणाऱ्याच्या खात्यात प्रत्यक्ष पैसे पडेपर्यंत मधे काय काय घडतं, ते त्यामुळे जवळून दिसतं. बँकेला जे कागद हवे असतात त्यातले बहुतेक आपल्याच खात्याच्या दप्तरात पडून आहेत. ते शोधून, नक्कल काढून, वकिलाच्या टेबलावर नेऊन ठेवण्याचं काम मात्र खरेदीदाराच्या गळ्यात आहे, आणि उशीर झाला तर भुर्दंडही त्यालाच.

बँका मुद्दाम छळतात असं मी म्हणणार नाही. आमच्याच कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण झालं. महापालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा या गृहप्रकल्पांच्या नियामकाची नोंदणी मिळवली गेली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. त्या घरांवर कर्जं काढलेली कुटुंबं आजही जीव मुठीत धरून आहेत. असं शेजारी घडल्यावर बँकेच्या वकिलाने डोळ्यांत तेल घालून कागद पाहिले तर मी त्याला दोष कसा देऊ? शिवाय कायद्याचीही अडचण आहे. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दुय्यम निबंधकाचा शिक्का म्हणजे ‘हा कागद आमच्यासमोर झाला’ एवढंच. विकणारा खरा मालक आहे याची हमी सरकार देत नाही. ती खात्री ज्याची त्याने करायची. बँक तेच करते.

म्हणून ती मूळ दस्त मागते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२च्या कलम ५८मध्ये मालकीचे मूळ कागद सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची सोय आहे आणि आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं त्याच वाटेने होतात. म्हणून ती तीस वर्षांचा सर्च, म्हणजे तेवढ्या काळात नोंदलेल्या दस्तांचा शोधही मागते. हा तीसचा आकडा हवेतून आलेला नाही. मुदत अधिनियम १९६३प्रमाणे गहाण सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत करता येतो आणि सरकारलाही आपल्या दाव्यांसाठी तीस वर्षं आहेत. तेवढं मागे जाऊन पाहिलं की वकिलाला निर्धास्तपणे सही करता येते. इथपर्यंत सगळं रास्त आहे.

पण हा सर्च होतो कसा, ते पाहा. सरकारी फीचं ऑनलाइन ग्रास चलन भरायचं, मग वकिलाचा माणूस संकेतस्थळावर ई-सर्च करतो. तिथे मुंबईबाहेरच्या नोंदी साधारण २००२नंतरच्या मिळतात. त्याआधीच्या वर्षांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सूची क्रमांक दोनची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या मालमत्तावार यादीची, जुनी बाडं चाळायची. अहवालात मग काही वर्षांपुढे ‘पाने जीर्ण’, ‘सूची उपलब्ध नाही’ असे शेरे येतात. हे शेरे वाचून बँकेचा विधी विभाग काय करणार? क्वेरी काढणार, म्हणजे लेखी शंका विचारणार. क्वेरीचं उत्तर खरेदीदाराने द्यायचं. सरकारच्या दप्तरातलं पान फाटलं याचा खुलासा नोकरी करणाऱ्या एखाद्या तरुण जोडप्याने कसा द्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यात पहिल्या बँकेने खोळंबा केला म्हणून खरेदीदार दुसऱ्या बँकेकडे गेला, तर सगळं पहिल्यापासून. तीच इमारत, तोच फ्लॅट, तीच तीस वर्षं. फक्त पॅनेलवरचा वकील बदलला. त्याची फी वेगळी, त्याची यादीही वेगळी. एकाला नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत चालते, दुसऱ्याला मूळच हवा. एकाला भोगवटा प्रमाणपत्राची संस्थेने साक्षांकित केलेली प्रत पुरते, दुसरा म्हणतो महापालिकेकडून नव्याने आणा.

तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगण या राज्यांत नोंदणी खातंच बोजा प्रमाणपत्र देतं. लोक त्याला ईसी म्हणतात. अमुक मालमत्तेवर अमुक काळात कोणते दस्त नोंदले गेले हे खातं स्वतःच्या सहीने सांगतं, आणि ते ऑनलाइन मिळतं. ईसी म्हणजे मालकीची हमी नव्हे हे मला माहीत आहे. न नोंदलेला व्यवहार त्यात दिसणार नाही. पण दप्तर चाळायची जबाबदारी ज्याचं दप्तर त्याच्यावर राहते. आपल्याकडे मात्र खाजगी सर्च रिपोर्टची रीत पडून गेली आहे. आपण २०२५मध्ये ‘एक राज्य, एक नोंदणी’ आणलीत, कोणत्याही कार्यालयात दस्त नोंदवता येईल असं केलंत. चांगलं केलंत. मग त्याच यंत्रणेतून, डिजिटल सहीचा, सर्व बँकांना चालेल असा शोध दाखला का मिळू नये? ज्या वर्षांच्या सूची खराब झाल्या आहेत तिथे खात्यानेच तसं लिहून द्यावं, म्हणजे तेवढ्यावरून खरेदीदाराला उलटतपासणी होणार नाही.

दुसरं दुखणं दस्तांच्या साखळीचं. आमची इमारत १९८०च्या दशकातली. काही फ्लॅट चौथ्या मालकाकडे आहेत. बँकेला बिल्डरच्या पहिल्या करारापासूनची साखळी हवी, आणि त्यातला एखादा मूळ करार सापडत नाही. पुराच्या पाण्यात गेला, भावाभावांच्या वाटणीत गेला, कधी दिवाळीच्या साफसफाईत गेला. मग ठरलेला सोपस्कार: पोलिसांत तक्रार, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस, चौदा दिवस हरकतींची वाट, मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपातल्या ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की’ अशा नोटिसा रोज दिसतात, त्यातल्या कितीतरी अशाच. हरवलेला करार नोंदणीकृत असला तर त्याची प्रत आपल्या खात्याकडे आहेच. तिची प्रमाणित नक्कल खात्याच्या ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन मिळाली आणि बँकांनी ती ग्राह्य धरली, तर यातलं निम्मं टळेल. जुन्या काळातल्या मुद्रांक कमी भरलेल्या दस्तांसाठी आपल्या खात्याने १ डिसेंबर २०२३पासून दंडात सूट देणारी अभय योजना आणली होती. तिचा लाभ घ्यायला आमच्या इमारतीतून काही जण धावले, त्यातल्या बऱ्याच जणांना दंडाच्या भीतीपेक्षा ‘उद्या विकायचं झालं तर गिऱ्हाइकाची बँक अडवेल’ ही काळजी होती.

आता सगळ्यात वेळखाऊ प्रकार: विकणाऱ्याच्या डोक्यावरही कर्ज असणं. हल्ली बहुतेकांच्या असतंच. मूळ कागद त्याच्या बँकेत गहाण. घेणाऱ्याची बँक म्हणते, मूळ दाखवा मग चेक देतो. विकणाऱ्याची बँक म्हणते, आधी पैसे भरा मग मूळ देतो. मधला मार्ग म्हणून बँकेकडच्या कागदांची यादी आणि कर्जखात्याची बाकी दाखवणारं पत्र मागवतात, आणि त्या दोन पानांसाठीसुद्धा शाखेत खेटे घालावे लागतात. पैसे भरल्यावरही कागद त्या शाखेत नसतात; कुठल्या तरी मध्यवर्ती गोदामातून मागवायचे असतात. इथे रिझर्व्ह बँकेने एक उत्तम काम केलं. सप्टेंबर २०२३च्या परिपत्रकाने सांगितलं की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्या, नोंदवलेला बोजाही काढा. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्या. तेव्हापासून या टप्प्यात शाखांचा सूर बदललेला मी स्वतः पाहिला आहे. दंडाची तारीख डोक्यावर असली की गोदाम जवळ येतं.

कर्ज फिटल्यावरच्या कागदांना मुदत लागू शकते, तर कर्ज देण्याआधीच्या तपासणीलाही लागली पाहिजे. कारण तिथे घड्याळ एकट्या खरेदीदाराचं चालतं. करारनाम्यात बाकी रक्कम ६० किंवा ९० दिवसांत देण्याची अट असते. करार नोंदवताना मुद्रांक शुल्क आधीच भरून झालेलं असतं. पुण्यात ७ टक्के म्हणजे ६० लाखांच्या घराला ४ लाख २० हजार, वर नोंदणी फी ३० हजार. त्यानंतर बँकेचा वकील नोंदलेला करार पाहून नवी क्वेरी काढतो. विकणारा करारातल्या कलमावर बोट ठेवतो, व्याज मागतो, इसार जप्त करण्याची भाषा करतो. त्याचंही चुकत नाही. त्याने त्या पैशांच्या भरवशावर दुसरीकडे घर बघितलेलं असतं. एका फ्लॅटचा चेक अडला की मागची दोन-तीन घरं अडतात. जी क्वेरी काढायची ती मसुद्यावर, एकदाच आणि सगळी एकत्र काढा, एवढं बँकांनी मान्य केलं तरी पुष्कळ. आज होतं ते आधी कळस, मग पाया.

संस्थांनाही मी सोडत नाही. बँकेसाठी ना-हरकत पत्र द्यायला महिनोन्‌महिने लावणारे पदाधिकारी मला ठाऊक आहेत, आणि हस्तांतरण शुल्काची २५ हजारांची मर्यादा ‘देणगी’च्या नावाखाली ओलांडणारेही. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरणाला संस्थेची ना-हरकत लागतच नाही. कोणी मागितली तर समितीने महिन्याभरात निर्णय घ्यायचा. पण दुसरी बाजूही ऐका. बँकांच्या ना-हरकतीच्या छापील मसुद्यात आम्ही काय काय लिहून द्यावं अशी अपेक्षा असते? जमिनीचा मालकी हक्क निर्वेध आहे, इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे, बँकेला विचारल्याशिवाय पुढे काही नोंद करणार नाही. आम्ही शाळामास्तर, रेल्वेतले निवृत्त, दुकानदार माणसं. जमिनीच्या हक्काची हमी आम्ही कोणत्या अधिकाराने द्यायची? सही करावी तर धास्ती, न करावी तर शेजाऱ्याचा व्यवहार मोडतो.

आणि जमिनीचं तर विचारूच नका. फ्लॅटच्या विक्रीसाठीचा मोफा कायदा १९६३चा. त्याप्रमाणे संस्था नोंदली गेल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन-इमारत संस्थेच्या नावे करून द्यायची. बिल्डर देत नाहीत म्हणून २००८पासून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरशिवायच सरकारी आदेशाने जमीन संस्थेच्या नावे होण्याची, सोय अमलात आली. जिल्हा उपनिबंधकाने जास्तीत जास्त सहा महिन्यांत अर्ज निकाली काढायचा असंही कायदा सांगतो. त्या आदेशानंतर मात्र मुद्रांकाचा अभिनिर्णय (शुल्क किती ते ठरवणं), दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, मग मालमत्ता पत्रकावर किंवा सातबारावर संस्थेचं नाव. हे पुढचे तिन्ही टप्पे आपल्या खात्याचे. अनेक संस्था आदेश फाइलला लावून दमून थांबल्या आहेत, आणि मालमत्ता पत्रकावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं नाव झळकतं. फ्लॅट घेणाऱ्याच्या बँकेचा वकील ते पत्रक काढतो आणि विचारतो, हे कोण? पुन्हा क्वेरी. उपनिबंधकाचा आदेश निघाला की तो थेट आपल्या कार्यालयांत जावा आणि नाव लागेपर्यंतची मुदत ठरलेली असावी, एवढी सुधारणा खात्यांतर्गत आदेशाने सुरू होऊ शकते असं मला वाटतं. त्यासाठी सहकार खात्याशी बोलावं लागेल. मंत्रालयातल्या एका दालनातून दुसऱ्यात जाणं आमच्यापेक्षा आपल्याला सोपं आहे.

बँका राज्य सरकारच्या अखत्यारीत येत नाहीत, असं उत्तर मिळेल याची कल्पना आहे. पण राज्यस्तरीय बँकर्स समितीत सरकार आणि बँका एकाच टेबलाशी बसतात. तिथे गृहकर्जाच्या कायदेशीर कागदांची एक सामायिक यादी ठरवून घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्ज देणाऱ्यांची अशी एक हस्तपुस्तिका आहे. पहिल्या भागात सर्वांना लागू असलेल्या अटी, दुसऱ्यात कर्ज देणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं म्हणणं, आणि ती कुणालाही ऑनलाइन वाचता येते. तिथेही घर खरेदीला महिने लागतात आणि लोक वैतागतात. स्वर्ग कुठेच नाही. पण कोणत्या बँकेला काय हवं हे टोकनची आगाऊ रक्कम देण्याआधी कळतं. आपल्याकडे ते कळतं स्टॅम्प ड्युटी भरून झाल्यावर.

शोध दाखल्याचा विचार खात्याने केला, आणि जुन्या इमारतींवर त्याची चाचणी घ्यायची ठरली, तर आमच्या संस्थेतल्या सर्व फ्लॅटचे दस्त, सापडतात तेवढे आणि हरवलेल्यांच्या यादीसह, उपलब्ध करून द्यायला आमची समिती तयार आहे. तसा ठराव करून घेण्याची जबाबदारी माझी.

कळावे,
आपला विश्वासू,
मानद सचिव,
एक सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली