खांद्याला चोळलेला बाम

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्री साडेदहा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सूनबाईंबद्दल म्हणालास, "सोनोग्राफीत तिच्या उजव्या अंडाशयावर सिस्ट निघालीय, पाण्याने भरलेली गाठ, साडेचार सेंटीमीटरची. काही नाही म्हणाल्या डॉक्टर, दोन महिन्यांनी परत बघू." आणि लगेच हिंजवडीच्या ट्रॅफिकवर घसरलास. डॉक्टर बरोबरच बोलल्या. पण हे 'काही नाही' मला एकदा फार महागात पडलंय, म्हणून लिहायला बसले. फोनवर जमलं नसतं, बाबा शेजारीच असतात.

तू चार वर्षांचा होतास. आपण पंचवटीत वाड्यात राहायचो. पहाटे पाचला नळ यायचा. भरलेला हंडा उचलून उठताना उजव्या ओटीपोटात अशी कळ आली की हंडा हातातून सुटला. त्याला पडलेला पोचा अजून आहे, माळ्यावर बघ कधी आलास तर. आजीने ओवा आणि काळं मीठ चावायला दिलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गॅस म्हणून इंजेक्शन टोचलं. दुपारी पोटापेक्षा खांदाच ठणकायला लागला, आडवी झाले की जास्तच. हंड्याने शीर धरली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं आणि बाबांनी बाम चोळला. अर्धी बाटली. संध्याकाळी मोरीत चक्कर येऊन पडले. रिक्षा होळकर पुलावर आली तेव्हा मला गोदावरी दिसली नाही, डोळ्यांपुढे नुसता अंधार आणि अंगाला गार घाम.

खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. सिस्ट फुटली होती आणि तिथली रक्तवाहिनी वाहत राहिली होती. पोटात साचलेलं रक्त वर श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागलं, की कळ खांद्याच्या टोकाला उमटते, नसांची ती ठेवणच तशी आहे. रात्रीच ऑपरेशन झालं. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. बाबांना बामचा वास अजून सहन होत नाही, कारण आता कळलं तुला.

आता घाबरू नकोस. अशा सिस्ट बहुतेक बायकांना कधी ना कधी होतात. दर महिन्याला अंडाशयात बीज धरणारी एक पिशवी वाढते, साधारण दोन-अडीच सेंटीमीटरची होऊन फुटते, बीज बाहेर पडतं. कधी ती फुटतच नाही, किंवा फुटल्यावर पुन्हा बंद होऊन भरते. तीच ही सिस्ट. बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. म्हणून तर दोन महिन्यांनी बोलावलंय. मधल्या काळात फुटली तरी बहुतेकींना दुखण्याची गोळी आणि दोन-चार दिवसांची विश्रांती पुरते, आतलं पाणी शरीर शोषून घेतं. ती सिस्ट विरघळवायला कुणी काढा सुचवेल, तिकडे लक्ष देऊ नका. आणि तुझी मावशी फोन करून पीसीओडी-पीसीओडी करेल. ते हार्मोन्स बिघडण्याचं वेगळं प्रकरण, त्यात अंडाशयातल्या गाठी अगदी बारीक असतात.

तुला लक्ष ठेवायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. अचानक, एका बाजूला, ती बोलता बोलता थांबेल अशी कळ आली आणि जोडीला चक्कर, गार घाम, चेहरा पांढरा, नाडी भरभर, पोट फुगून कडक, किंवा खांद्यात दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन कर किंवा स्वतः गाडी काढ. तिला चालवू देऊ नकोस. दुखण्याबरोबर ताप आला तरी तेच.

दुसरा धोका पीळ पडण्याचा. सिस्ट जड झाली की अंडाशय देठासकट फिरतं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. पाच सेंटीमीटरच्या पुढे ही भीती जास्त, आपली साडेचार आहे, म्हणून सांगते. यात कळ येते-जाते आणि उलट्या होतात. कळ ओसरली म्हणजे बरं वाटलं, असं समजून झोपू नका. काही तासांत पोचलं तर अंडाशय वाचू शकतं.

दवाखान्यात आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतील. आजीला तेव्हा भयंकर राग आला होता. पण गर्भाशयाच्या नळीत गर्भ राहून ती फुटली तरी नेमकं असंच दुखतं, आणि उजवीकडे अपेंडिक्सही असतंच, त्यांना सगळं तपासावंच लागतं. शेवटच्या पाळीची तारीख तुला माहीत हवी. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेव. निघताना चहा-पाणी काही देऊ नकोस, भूल द्यावी लागली तर अडचण होते. रक्त पातळ करणारी एखादी गोळी ती घेत असेल, तर ते डॉक्टरांना आत्ताच कळव.

दोन महिने तिचं झुंबा बंद, जड बॅगा तू उचल. आणि आईने लिहू नये असं एक वाक्य लिहिते: नवरा-बायकोच्या जवळिकीतही सिस्ट फुटू शकते, तेव्हा दुखतंय म्हणाली की तिथेच थांबायचं. झालं लिहून.

ती सांगणार नाही, हे धरून चाल. किती दुखतंय, हे मीही सांगितलं नव्हतं. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत त्या दुखण्यात मी वीस पोळ्या लाटल्या होत्या आणि तुला बालवाडीतून आणलं होतं. तुझा हात धरून वाकले तेव्हा तू म्हणालास, "आई, तू घामाने गार लागतेस." घरात ते फक्त तुझ्याच लक्षात आलं होतं.

शनिवारी बाबांबरोबर द्राक्षं पाठवते.

तुझी,
आई

ता. क. हे पत्र तिलाही वाचायला दे. ते एक वाक्य झाकून नको, त्याच्यासकट.