विषय: जीपीएस स्टिअरिंगचे पैसे घेतले, विमान मात्र अजून सुईच्या मागेच धावतंय

नमस्कार सर,

आमच्या सेसना 172 मध्ये तुम्ही ऑटोपायलट बसवून दिला आणि पॅनेलमधल्या जीपीएसला जोडला असं सांगितलं, बिलात कन्व्हर्टर (जीपीएसची कमांड ऑटोपायलटला समजेल अशी करून देणारा डबा), वायरिंग, टेस्टिंग सगळं वेगवेगळं लावलंय आणि आम्ही ते पूर्ण भरलंय. पण जीपीएस स्टिअरिंग, म्हणजे जीपीएसने ऑटोपायलटला थेट वळायची कमांड देणं, चालत नाही. फोनवर सांगून थकलो म्हणून लेखी देतोय.

धुळ्याहून संभाजीनगरवरून कराडला जाताना संभाजीनगरला साधारण 55 अंशांचं उजवं वळण येतं. जीपीएस पॉइंट यायच्या आधीच सेकंद मोजायला लागतो, पुढचा कोर्स दाखवतो, आणि तेव्हाच ऑटोपायलटला वळायची कमांड जायला पाहिजे म्हणजे विमान वेळेत बँक घेऊन (एका बाजूला झुकून) अलगद नव्या लाइनवर येतं. आमचं विमान नाकासमोर सरळ जात राहतं. काउंटडाउन संपतो, लाइनपासून किती बाजूला आहोत हे दाखवणारी सुई बाजूला पळते, मग कुठे याला जाग येते, तोवर आपण अर्ध्या मैलापेक्षा जास्त बाहेर गेलेलो असतो, मग आत यायला जातं ते पलीकडे निघून जातं आणि बराच वेळ असंच नागमोडी चालतं. शेवटी योकवरचं (हातातल्या हँडलवरचं) लाल बटण दाबून हाताने उडवावं लागतं.

तुमच्या माणसाचं म्हणणं सिग्नल वीक असेल. स्क्रीनवर इंटिग्रिटीचा (सिग्नल भरवशाचा नसल्याचा) एकही मेसेज नव्हता आणि मॅपवर विमान बरोबर जागेवर दिसत होतं, मग वीक कसला? गेन (ऑटोपायलट किती जोरात प्रतिसाद देतो ते) वाढवून बघू म्हणाले, त्याने उशिराचं वळण लवकर कसं होणार?

आता मुख्य गोष्ट. स्टिअरिंग ऑन असताना डीजीवरचा (दिशा दाखवणाऱ्या यंत्रावरचा) हेडिंग बग, म्हणजे हवी ती दिशा लावायची खूण, कुठेही असला तरी फरक पडायला नको, कारण कन्व्हर्टर बगचा सिग्नल काढून त्या जागी जीपीएसचा देतो. इथे मी बग 20 अंश डावीकडे नेला की विमान लगेच डावीकडे झुकतं, आणि बटणावर जीपीएसचा हिरवा दिवा तसाच लागलेला! म्हणजे दिवा लागतो पण स्विचिंग होतच नाहीये. मला याचीच जास्त काळजी वाटते हो, एकटा पायलट दिव्यावर विसंबून फ्रिक्वेन्सी बदलायला खाली बघतो, आणि पुढे साताऱ्याकडचे डोंगर आहेत.

टेस्ट फ्लाइटचा रेकॉर्ड मागितला होता तो आला नाही. फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंटही दिलेलं नाही, ज्यात ऑटोपायलट किती उंचीखाली वापरायचा नाही आणि बिघडला तर काय करायचं हे असतं, ते नसताना विमान आमच्या ताब्यात दिलंच कसं हे मला कळत नाही.

सध्या ऑटोपायलटचा ब्रेकर ओढून त्यावर इनॉपची (बंद असल्याची) पट्टी लावलीय. तुमचा इंजिनिअर धुळ्याला पाठवा, कन्व्हर्टरचं वायरिंग माझ्यासमोर ड्रॉइंगप्रमाणे तपासू दे, नंतर माझ्याबरोबर बसून तेच वळण उडवून बघू दे आणि बगची टेस्ट पास झाल्यावरच सही करू दे. येण्याजाण्याचा खर्च आम्ही देणार नाही. महिनाअखेरपर्यंत हे झालं नाही तर कन्व्हर्टर, वायरिंग आणि टेस्टिंगचे पैसे परत पाहिजेत, काम दुसरीकडून करून घेऊ आणि दिव्याचा प्रकार डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) लेखी कळवू. जीपीएसचा ट्रॅक आणि बग फिरवतानाचा व्हिडिओ सोबत जोडलाय, उत्तर द्यायच्या आधी तुमच्या इंजिनिअरने तो बघावा.